नव्या मोटारसायकलीचे वंगणतेल

कांद्याचे पैसे हाती आले म्हणजे निफाड तालुक्यातील घराघरांतून पूर्वी बैलजोडीचा विचार होई. पुढे ऑइल इंजिनाचा व विजेच्या पंपाचा होऊ लागला आणि आता तो मोटारसायकलीचा होतो. विंचूर हे नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील गाव. लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे उपबाजार आवार येथे असल्याने लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगेइतकीच मोटारसायकलींची दाटी आवाराबाहेर दिसते. पहाटे दुधाचे कॅन, दिवसा खताची गोणी, फवारणीचा पंप अथवा द्राक्षबागेतील मजूर, आणि सायंकाळी घरची माणसे, अशी सारी वाहतूक ह्या दोन चाकांवर चालते. मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिली नसून शेतीच्या अवजारांपैकीच एक अवजार झाली आहे. तेव्हा तिच्या निगेविषयी ह्या पत्रिकेत लिहिणे अस्थानी ठरू नये.

गावोगावच्या बैठकांतून, कीडनियंत्रणाचा विषय संपला की, एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, नव्या गाडीत कंपनीचेच ऑइल घालावे लागते काय? बाहेरचे घातले तर वॉरंटी जाते म्हणतात, ते खरे काय?" प्रश्न दिसतो एक, परंतु आहेत दोन. इंजिनास कोणते तेल मानवते हा पहिला, यंत्राचा. कंपनीने दिलेल्या लेखी हमीतील अटींचा अर्थ काय हा दुसरा, कागदाचा. पहिल्याचे उत्तर नीट समजले तर दुसऱ्याचे अर्धे उत्तर आपोआप मिळते. म्हणून आधी यंत्राकडे वळू.

जुनी सवय आणि नवे इंजिन

आपल्याकडील शेतकऱ्याची वंगणतेलाशी ओळख झाली ती विहिरीवरील ऑइल इंजिनामुळे. साताऱ्याची कूपरची इंजिने आणि १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने ज्यांनी वर्षानुवर्षे चालविली, त्यांच्या तोंडी "चाळीस नंबर" हा शब्द पक्का बसलेला आहे. दुकानात जाऊन चाळीस नंबरचे तेल मागावयाचे, डबा घरी आणावयाचा आणि इंजिन, कडबाकुट्टी, बैलगाडीचा आस, जे दिसेल त्यास ते घालावयाचे. त्या काळच्या संथ चालणाऱ्या इंजिनांस हे चालून गेले.

मोटारसायकलीच्या बाबतीत दुसरीच सवय लागली. राजदूत, लुना ह्या गाड्या दोन धक्क्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावयाचे असे व ते पेट्रोलबरोबर जळून जाई. तेल कोणते, ह्यापेक्षा किती, हाच प्रश्न असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० ही चार धक्क्यांची गाडी बाजारात आली व पुढील वीस वर्षांत खेडोपाडी अशाच गाड्या पसरल्या. चार धक्क्यांच्या इंजिनात तेल जळत नाही. ते तळाशी साठते, पंपाने वर चढते, सर्व भागांना न्हाऊ घालून पुन्हा तळाशी येते. तेच तेल हजारो किलोमीटर काम करीत असते. म्हणून त्याची जात, त्याची पातळी आणि त्याचे वय ह्या तिन्ही गोष्टींना महत्त्व आले.

आणखी एक मोठा फरक आहे, आणि तोच बहुतेकांना ठाऊक नसतो. ट्रॅक्टरमध्ये इंजिनाचे तेल निराळे, गिअरपेटीचे निराळे. गिअरच्या मोटारसायकलीत मात्र बहुधा इंजिन, क्लच आणि गिअर ही तिन्ही एकाच पेटीत, एकाच तेलात बुडालेली असतात. ह्या तिघांच्या मागण्या एकमेकींशी जुळणाऱ्या नाहीत. पिस्टनला घर्षण जितके कमी तितके बरे. क्लचच्या पट्ट्यांना मात्र एकमेकींना घट्ट धरून ठेवण्यासाठी घर्षण हवेच. गिअरचे दाते तर तेलाला चरकातील उसाप्रमाणे चिरडतात व त्याचा दाटपणा हळूहळू मोडतात. त्यातून मोटारसायकलीचे इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्या सहज घेते, जेथे ट्रॅक्टरचे इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरते. आणि तेल असते किती? शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटर. एवढ्याशा तेलाकडून एवढे काम करून घ्यावयाचे असल्याने ते निवडूनच घातले पाहिजे.

डब्यावरील अक्षरे

१०:२६:२६ किंवा १९:१९:१९ हे आकडे खताच्या गोणीवर पाहिले की त्यात नत्र, स्फुरद व पालाश किती, हे आज कोणताही शेतकरी सांगू शकतो. तेलाच्या डब्यावरील आकडेही तितकेच सोपे आहेत, फक्त ते कोणी समजावून सांगत नाही. डब्यावर ती अक्षरे रोमन लिपीत असतात, एवढीच अडचण.

पहिला आकडा दाटपणाचा. १०-डब्ल्यू-३०, २०-डब्ल्यू-४०, २०-डब्ल्यू-५० असे तो लिहिलेला असतो व त्याआधी एसएई ही अक्षरे येतात. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे. डब्ल्यूच्या मागील आकडा तेल थंडीत किती पातळ राहते हे दर्शवितो. तो जितका लहान, तितके ते गार इंजिनात लवकर धावते. पुढील आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, तेल किती दाट राहते ते सांगतो. तो जितका मोठा तितके तेल गरमीत दाट. दोन्ही आकडे एकाच तेलाला लागू असल्यामुळे त्यास बहुश्रेणी तेल म्हणतात. जुने "चाळीस नंबर" हे एकश्रेणी तेल होते. ते गरमीत ठीक, परंतु थंडीत काकवीसारखे होई.

निफाडच्या थंडीचे आकडे दर हिवाळ्यात वृत्तपत्रांतून येतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील पारा पाच-सहा अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण सारेच वाचतो, आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या घरात जातो. तेव्हा येथे तेल दोन्ही ऋतूंना पुरे पडणारे हवे, हे खरे. परंतु त्यासाठी आपण स्वतः काही शोध लावण्याचे कारण नाही. २०-डब्ल्यू जातीचे तेलही उणे अंशांतील थंडीत इंजिन फिरू देईल अशा कसोटीला उतरलेले असते. आपली थंडी त्या मानाने सौम्यच. "आमच्याकडे ऊन फार, म्हणून दाट तेल घालतो," असे म्हणून १०-डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत २०-डब्ल्यू-५० घालणारे पुष्कळ भेटतात. त्या इंजिनाची छिद्रे, पंप व फटी पातळ तेलाच्या हिशेबाने केलेल्या असतात. दाट तेल थंड इंजिनात वर पोहोचावयास उशीर लावते, आणि इंजिनाची झीज सर्वांत अधिक होते ती पहाटे गाडी सुरू करण्याच्या त्या पहिल्या क्षणांतच. पेट्रोलही थोडे अधिक लागते. उलटपक्षी, दाट तेलाच्या गाडीत पातळ तेल घातले तर उन्हात, ओझ्यासह, तेलाचा थर तुटण्याचा धोका राहतो. माहितीपुस्तिकेत दाटपणाचा जो आकडा छापलेला असेल तोच घ्यावा. काही कंपन्या हवामानानुसार दोन आकडे देतात. तेथे निवडीस वाव आहे, अन्यत्र नाही.

दुसरी खूण दर्जाची. एपीआय ह्या अमेरिकन संस्थेच्या वर्गवारीत पेट्रोल इंजिनाच्या तेलास एस हे आद्याक्षर व त्यापुढे एक अक्षर असते: एसजी, एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. पुढील अक्षर वर्णमालेत जितके नंतरचे, तितका दर्जा नवा. डिझेल इंजिनाच्या तेलांचे आद्याक्षर सी, जसे सीएच-४, सीआय-४. पुस्तिकेत एसएल सांगितले असेल तर त्याहून जुने एसजी घालू नये. मात्र अक्षर नवे म्हणजे मोटारसायकलीस ते अधिक चांगलेच, असे समजू नये. ही वर्गवारी मुळात मोटारगाड्यांसाठी झालेली आहे. मोटारीच्या इंधनबचतीसाठी नव्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घालतात. अशा डब्यांवर 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा जुन्या डब्यांवर 'एनर्जी कन्झर्व्हिंग' असे शब्द असतात. मोटारीचा क्लच कोरडा, तेलाबाहेर असतो. त्यामुळे तिला ते चालते. ओल्या क्लचच्या मोटारसायकलीत तेच तेल क्लच घसरविते.

म्हणून तिसरी खूण पाहावयाची, आणि माझ्या मते दुकानात सर्वांत आधी पाहावयाची ती हीच. जपानमधील मोटारउद्योगाच्या जासो ह्या मानकसंस्थेने १९९८ साली चार धक्क्यांच्या दुचाकींसाठी स्वतंत्र मानक केले. डब्यावर चौकोनी चौकटीत एमए, एमए-१, एमए-२ किंवा एमबी ही अक्षरे असतात. एमए ह्या कुळातील तेल क्लचला पकड देते. त्यातही एमए-२ ची पकड अधिक व एमए-१ ची त्याखालोखाल. एमबी हे कमी घर्षणाचे तेल बिनगिअरच्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच तेलात बुडालेला नसतो. घरात एक मोटारसायकल व एक स्कूटर असेल, तर एकच डबा आणून दोहोंत ओतण्याचा मोह होतो. दोन्ही डबे सारखेच दिसतात, किंमतही जवळपास असते. अक्षरे मात्र वाचावीत.

राहिला प्रश्न खनिज, अर्धसंश्लेषित व पूर्ण संश्लेषित तेलांचा. संश्लेषित तेल उष्णतेस अधिक टिकते व महाग असते. ज्या गाडीस पुस्तिकेने खनिज तेल सांगितले आहे तीत, दाटपणा, दर्जा व जासो ह्या तिन्ही खुणा जुळत असतील तर, संश्लेषित घातल्याने बिघाड होत नाही. पण खनिज तेल वेळेवर बदलणाऱ्याच्या इंजिनापेक्षा, महागडे तेल घालून बदलण्याचे विसरणाऱ्याचे इंजिन लवकर झिजते. ज्या गाडीस संश्लेषित सांगितले आहे तीत स्वस्त खनिज तेल घालणे मात्र वाईट. तेलात मिसळावयाच्या निरनिराळ्या 'शक्तिवर्धक' बाटल्यांवर एक रुपयाही घालवू नये. चांगल्या तेलात जी द्रव्ये हवीत ती प्रमाणात आधीच असतात. वरून घातलेले औषध क्लचला बाधते आणि वॉरंटीच्या कागदालाही.

ट्रॅक्टरचा डबा

विंचूरजवळच्या एका वाडीतील तरुण बागायतदाराची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. त्यांनी नवी गाडी घेतली. पहिली सर्व्हिसिंग विक्रेत्याकडे झाली. दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या वेळी उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती, सवड नव्हती. घरी ट्रॅक्टरसाठी आणलेल्या १५-डब्ल्यू-४० तेलाच्या मोठ्या डब्यात दीड-दोन लिटर शिल्लक होते. डबा नामांकित कंपनीचा, तेल कोरे करकरीत. त्यांनी घरीच जुने तेल काढून हे भरले. महिन्याभराने दोन दुधाचे कॅन लावून चढ चढताना इंजिन ओरडे, परंतु गाडी पुढे सरकेना. क्लच घसरत होता. विक्रेत्याकडे गाडी नेली तेव्हा कारागिराने तेलाचा थेंब बोटांवर घेऊन विचारले, "भाऊ, ऑइल कोणते घातले?" ह्यांनी खरे ते सांगितले. कामाच्या कागदावर शेरा पडला, आणि क्लचच्या पट्ट्यांचा सारा खर्च त्यांच्याच माथी आला.

येथे विक्रेत्याने अन्याय केला, असे त्यांचे म्हणणे होते. मला तसे म्हणता येत नाही. क्लचच्या पट्ट्या हा झिजणारा भाग म्हणून बहुतेक कंपन्या वॉरंटीतून मुळातच वगळतात. आणि येथे तर बिघाडाचे कारण तेलातच होते. डिझेलच्या तेलात काजळी धुऊन काढणारी द्रव्ये अधिक असतात, कारण डिझेल इंजिनात काजळी फार. ते तेल वाईट नसते. परंतु ओल्या क्लचवर त्याची परीक्षा झालेली आहे की नाही, हे जासोच्या चौकटीवाचून सांगता येत नाही. काही डिझेल तेलांवर ती चौकटही असते. ह्या डब्यावर ती नव्हती. बागेत उरलेले एका पिकाचे औषध दुसऱ्या पिकावर मारताना आपण लेबल वाचतो. तसेच हे आहे.

पहिले हजार किलोमीटर

नव्या इंजिनातील भाग यंत्रावर कितीही गुळगुळीत केलेले असले तरी एकमेकांवर बसावयास त्यांना काही काळ लागतो. त्या काळात धातूचे सूक्ष्म कण निघतात व तेलात उतरतात. म्हणूनच पहिली सर्व्हिसिंग बहुतेक कंपन्या पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान, अथवा एका-दीड महिन्यात ठरवितात. कारखान्यातून भरून आलेले तेल तोपर्यंत ठेवावे. "चांगले भरू" म्हणून आधीच काढण्याची गरज नाही, आणि पहिली सर्व्हिसिंग पुढे ढकलणे तर मुळीच नको. अंतर किंवा मुदत, ह्यांपैकी जे आधी पुरे होईल ते धरावयाचे असते. ह्या एका वाक्यावर पुष्कळांची वॉरंटी अडकते. गाडी चारशेच किलोमीटर चालली म्हणून शेतकरी थांबतो आणि मुदत उलटून जाते. गावात राहून शेतापर्यंतच गाडी वापरणाऱ्यांनी किलोमीटरऐवजी दिनदर्शिकेकडे पाहावे.

ह्या काळात गाडी पूर्ण वेगाने पळवू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु उलट चूक आमच्या भागात अधिक घडते. वरच्या गिअरमध्ये, दोन गोण्या लादून, शेतरस्त्याने गाडी रखडत नेणे हे इंजिनास वेगापेक्षाही कष्टाचे. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनास वेग नसेल तर वारा मिळत नाही, तेल तापते आणि पातळ होते. ओझे असेल तेव्हा खालचा गिअर घ्यावा.

तेलाची पातळी आठवड्यातून एकदा पाहावी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, तितकाच वेळ थांबावे, गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करावी आणि मग कांडी पुसून बुडवावी. कांडीचे आटे फिरवून बसवावयाची की नुसती टेकवावयाची, हे गाडीगणिक निराळे असते व पुस्तिकेत दिलेले असते. त्यात चूक झाल्यास पातळी खोटी दिसते. काही गाड्यांत कांडीऐवजी काचेची खिडकी असते. एका लिटरातून पाव लिटर कमी झाले म्हणजे चौथा हिस्सा गेला, हे लक्षात घ्यावे. ट्रॅक्टरमधून तेवढे गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वरच्या खुणेपेक्षा अधिक भरणेही वाईट. जास्तीचे तेल घुसळून फेसाळते व श्वासनळीवाटे हवेच्या गाळणीत येते.

तेल काळे झाले म्हणजे बिघडले असे नाही. काजळी स्वतःत सामावून घेणे हे त्याचे कामच आहे. ते दुधी दिसू लागले तर मात्र त्यात पाणी आहे. हिवाळ्यात घर ते मळा अशा एक-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असल्या म्हणजे इंजिन पुरते तापत नाही व आतील बाष्प तेलात उतरते. आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेणारे आहे. अशा गाडीस आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटरची सलग फेरी द्यावी. लासलगावास जाऊन येण्याचे निमित्त त्यास पुरते.

कांद्याच्या आवारातील व शेतरस्त्यावरील धूळ ही तेलाची मोठी वैरीण. मातीतील वाळूचा सूक्ष्म कण लोखंडास कानशीप्रमाणे घासतो. हवेची गाळणी स्वच्छ नसेल तर उत्तमोत्तम तेलही काही करू शकत नाही. पुस्तिकेत "धुळीच्या प्रदेशात अधिक वेळा" असे जे वाक्य असते, ते आपल्यासाठीच आहे.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या भारत स्टेज सहा ह्या प्रदूषणमानकाच्या आहेत. त्यांच्या धूरनळीत वायू शुद्ध करणारे उत्प्रेरक बसविलेले असते. भलत्या जातीचे अथवा वाजवीपेक्षा अधिक भरलेले तेल इंजिनात जळू लागले तर त्यातील फॉस्फरसने हे उत्प्रेरक निकामी होत जाते, आणि तो भाग महाग आहे.

वॉरंटीचा कागद

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. आज बहुतेक दुचाकी कंपन्या पाच वर्षांपर्यंतची वॉरंटी देतात. किलोमीटरची मर्यादा निरनिराळी असते. ह्या हमीचा अर्थ, मालात अथवा घडणीत मूळचा दोष निघाल्यास तो भाग कंपनी विनामूल्य दुरुस्त करील वा बदलून देईल, इतकाच. तेल, गाळणी, ब्रेकचे लायनर, क्लचच्या पट्ट्या ह्या झिजणाऱ्या वस्तू बहुधा तीत येत नाहीत. 'मोफत सर्व्हिसिंग' ह्या शब्दानेही गैरसमज होतो. मोफत असते ती मजुरी. तेलाचे पैसे द्यावेच लागतात, हे आधी माहीत असावे म्हणजे विक्रेत्याशी वाद होत नाही.

कंपनीच्याच नावाचा डबा घेतला पाहिजे काय? पुस्तिकेतील वाक्य शब्दशः वाचावे. पुष्कळ ठिकाणी एखाद्या तेलाची 'शिफारस' असते व शेजारी दाटपणा, एपीआय दर्जा व जासो ह्या खुणा दिलेल्या असतात. शिफारस निराळी व अट निराळी. कंपनी स्वतः तेल शुद्ध करीत नाही; तेल कंपनीकडून आपल्या नावाने भरून घेते. तेव्हा तिन्ही खुणा जुळणारे दुसऱ्या चांगल्या कंपनीचे तेल इंजिनास वेगळे भासत नाही. अडचण यंत्राची नसून पुराव्याची आहे.

ह्या बाबतीत कायद्याचा ओघ ग्राहकाच्या बाजूचा आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग व दुरुस्ती ह्यांवरील मक्तेदारीबद्दल चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय दिला व सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या कारागिराकडे दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये; सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता यावी, असा त्यातील आदेशाचा आशय होता. कंपन्यांनी ह्या निर्णयावर अपिले केली, आणि तो खटला चारचाकी मोटारींचा होता, हेही येथे सांगितले पाहिजे. दुचाकीच्या विक्रेत्यासमोर तो ताम्रपट म्हणून ठेवता येणार नाही. तरी विचाराची दिशा त्यातून स्पष्ट होते. अमेरिकेत १९७५ सालच्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, विशिष्ट कंपनीचीच वस्तू वापरली पाहिजे अशी अट घालावयाची तर ती वस्तू कंपनीने विनामूल्य द्यावी किंवा सरकारी आयोगाची खास परवानगी घ्यावी, असे ठरविले. त्याच कायद्याखाली २०२२ साली हार्ले-डेव्हिडसन ह्या प्रसिद्ध मोटारसायकल कंपनीविरुद्ध तेथील व्यापार आयोगाने कारवाई केली, आणि दुसऱ्यांचे भाग वापरल्याने अथवा बाहेर दुरुस्ती केल्याने वॉरंटी रद्द होत नाही, असे कंपनीस आपल्या कागदावर स्पष्ट लिहावयास लावले. आपल्याकडे केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्याच वर्षी 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले.

एवढे असले तरी माझा व्यवहारी सल्ला असा की, वॉरंटीच्या काळात सर्व सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी, वेळेवर करावी आणि तेथे मिळेल तेच तेल घालून घ्यावे. फरक पडतो तो दर खेपेस शंभर-दीडशे रुपयांचा; इंजिनाच्या एका दाव्यावर जे पणास लागते ते हजारो रुपयांचे असते. ज्यांना विक्रेत्याचे गाव दूर पडते, किंवा सुगीत जाणे शक्य नसते, त्यांनी बाहेरून तेल घ्यावे. पण मग पक्के बिल घ्यावे. त्यावर तेलाचे पूर्ण नाव, दाटपणा व दर्जा लिहून घ्यावा, गाडीचा क्रमांक व त्या दिवशीचे किलोमीटर मागे स्वतः टिपावे, आणि डब्यावरील लेबलाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून ठेवावे. नियमित सर्व्हिसिंगची भेट मात्र चुकवू नये. केवळ तेल बाहेर बदलले तरी सर्व्हिस पुस्तिकेवरील शिक्का वेळेवर पडलाच पाहिजे. अधिकृत ठिकाणी गेल्यावर कामाच्या कागदाची प्रत मागून घ्यावी आणि त्यावर कोणते तेल, किती, हे लिहिले आहे की नाही ते तेथेच पाहावे.

सुटे तेल कधीही घेऊ नये. रिकामे डबे पुन्हा भरून विकण्याचा धंदा चालतो. झाकणाची कडी तुटलेली, तोंडाची सील वर उचललेली, लेबल तिरपे, तुकडी क्रमांक पुसट, असे काही दिसल्यास डबा परत करावा. डब्यावर उत्पादकाचा पत्ता, भरल्याचा महिना, निव्वळ माप व कमाल किंमत असलीच पाहिजे. आपल्याकडील रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा बाजारात येणार नाही.

एखाद्याचा दावा नाकारला गेलाच, तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये. "तेलामुळे बिघाड झाला" असे विक्रेता म्हणत असेल, तर कोणता भाग, कशामुळे, हे लेखी मागावे आणि काढलेला भाग ताब्यात घ्यावा. तेलाशी संबंध नसलेला दोष, उदाहरणार्थ विजेच्या वायरींचा अथवा चौकटीच्या जोडाचा, तेलाचे निमित्त करून नाकारला जात असेल, तर तो नकार टिकणारा नाही. प्रथम कंपनीच्या ग्राहक कक्षास लिहावे. नंतर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ती मराठीतही घेतली जाते. त्यानेही काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ह्या कायद्याने ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय दिली आहे; कंपनीचे कार्यालय कोठेही असो, विंचूरच्या माणसास नाशिकपलीकडे जावे लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, व कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे अर्ज लिहून देण्यास शेतकऱ्यांना मदत करावी. बिले व कामाचे कागद जोडलेले असले की अर्ज एका पानात मावतो.

काढलेल्या जुन्या तेलाविषयी येथेच सांगतो, कारण ते विचारण्याचे कोणाला सुचत नाही. ते बांधावर, नाल्यात अथवा विहिरीजवळ ओतू नये. थोडे तेलही पुष्कळ पाणी नासविते. जनावरांच्या जखमेवर ते लावण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती बंद करावी. त्यात धातूचे कण व अपायकारक द्रव्ये असतात. द्राक्षमांडवाच्या लाकडी डांबांना ते फासतात, तेही टाळावे. शासनाच्या नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात धरलेले आहे. ते डब्यात साठवावे, त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू देऊ नये, डब्यावर खूण करावी म्हणजे घरातील कोणी ते चुकून वापरणार नाही, आणि पुढल्या सर्व्हिसिंगला जाताना अधिकृत केंद्रात द्यावे. तेथून ते पुनर्शुद्धीकरणासाठी जाते.

ज्यांची गाडी नुकतीच आली आहे त्यांनी आसनाखालील किंवा विक्रेत्याने पिशवीत दिलेली माहितीपुस्तिका काढून तेलाचे पान शोधावे, आणि दाटपणा, एपीआय अक्षरे, जासो अक्षरे व लिटरचे माप ही चार उत्तरे गोठ्याच्या किंवा शेडच्या भिंतीवर, ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा जेथे ठेवतात त्याच्यावरच, खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.